कामिल्लोचा पाय

७ मार्च १५७१ रोजी रोमच्या सान जाकोमो इस्पितळात वीस वर्षांचा एक शिपाई भरती झाला. उंची साडेसहा फुटांच्या आसपास, खिसा रिकामा आणि पायाला चिघळलेली जखम. उपचाराचे पैसे द्यायची ऐपत नव्हती, म्हणून पट्टी बांधून घ्यायची आणि त्या बदल्यात वॉर्डात नोकर म्हणून राबायचं, असा व्यवहार ठरला. पाय थोडा सुधारला, पण माणूस काही सुधारला नाही. हा शिपाई काम टाकून पळायचा, इतर नोकरांशी भांडायचा आणि इस्पितळापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या तिबर नदीच्या धक्क्यावर नावाड्यांबरोबर पत्ते कुटत बसायचा. झडतीत त्याच्या उशाखाली पत्त्यांचा जोड सापडला, तेव्हा व्यवस्थापकांनी त्याला बाहेरची वाट दाखवली. सगळं मिळून नऊ महिने तो तिथे टिकला होता.

त्याचं नाव कामिल्लो दे लेल्लिस. ज्या इस्पितळाने त्याला हाकललं, त्याचाच कारभार पुढे त्याच्या हाती आला आणि युरोपातल्या रुग्णसेवेला त्याने वेगळं वळण दिलं. शिपायाचा संत झाल्याच्या गोष्टी कॅथलिक जगात पुष्कळ आहेत. स्पेनमध्ये ग्रानादा इथे इस्पितळ काढणारा संत जॉन ऑफ गॉडही शिपाईगिरी करून आला होता आणि बास्क प्रांतातला इग्नेशियस लोयोला तर पायाला तोफगोळा लागल्यामुळेच धर्माकडे वळला. कामिल्लोचं वेगळेपण असं, की त्याची जखम कधीच कायमची भरली नाही. ती जवळपास शेहेचाळीस वर्षं वाहत राहिली, आणि त्याने जे काही उभं केलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ त्या पायापाशी सापडतं.

त्याच्याबद्दलची बहुतेक माहिती आपल्याला सान्झियो चिकातेल्ली या त्याच्या सहकाऱ्याकडून मिळते. वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर काढलेल्या या माणसाने लिहिलेलं चरित्र कामिल्लोच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १६१५ साली छापून निघालं. आपल्या गुरूला संतपद मिळावं ही लेखकाची इच्छा उघड दिसते, त्यामुळे त्यातले चमत्कार ज्याचे त्याने ठरवावेत. पण जुगार, भांडणं, कर्ज, सहकाऱ्यांशी झालेले वाद हेही चिकातेल्लीने लपवलेलं नाही, म्हणून बाकीच्या मजकुरावर विश्वास ठेवावासा वाटतो.

कामिल्लोचा जन्म २५ मे १५५० चा, नेपल्सच्या राज्यातल्या अब्रुत्सी भागात, बुक्कियानिको या डोंगरावरच्या गावी. आई कामिल्ला तेव्हा पन्नाशी उलटलेली होती. तिला मूल होईल ही आशा गावाने केव्हाच सोडून दिली होती. वडील जोव्हान्नी हे पेशाने सैनिक. ज्याचा पगार, त्याची चाकरी, असा त्या काळचा रिवाज होता. इटली म्हणजे तेव्हा एक देश नव्हता. स्पेन, फ्रान्स, पोप, व्हेनिस यांच्या लढायांचं ते मैदान होतं आणि डोंगराळ भागातल्या तरुणांना नांगर आणि भाला यांच्यापलीकडे फारसा तिसरा मार्ग नव्हता. वडील महिनोन्‌महिने घराबाहेर, आई म्हातारी, पोरगा हट्टी आणि दांडगा. कामिल्लो बारा-तेरा वर्षांचा असताना आई गेली. पुढे वडिलांनी त्याला आपल्याबरोबर व्हेनिसच्या फौजेत भरती करायला नेलं, पण वाटेतच दोघं आजारी पडले आणि म्हातारा तिथेच वारला. वारसा म्हणून पोराच्या हाती एक तलवार आणि एक खंजीर उरला. जुगाराचं व्यसनही बापाकडूनच आलं होतं, असं चिकातेल्ली सांगतो. पायावरची जखम याच सुमारास उमटली. सुरुवातीला साधा ओरखडा होता म्हणतात.

सान जाकोमो हे ‘असाध्य’ रोग्यांचं इस्पितळ होतं. पंधराव्या शतकाच्या शेवटी इटलीत उपदंशाची साथ फैलावली. अंगभर फोड आणि व्रण घेऊन रस्त्यात पडलेल्या माणसांना जुनी इस्पितळं आत घेईनात, तेव्हा अशा रोग्यांसाठी शहरोशहरी वेगळी इस्पितळं निघाली. सान जाकोमोत अमेरिकेतून आणलेल्या ग्वायकम लाकडाचा काढा देत, आणि त्याच्या हंगामात रोमभरचे रोगी तिथे गर्दी करत. न भरणाऱ्या जखमांवरही तिथे इलाज होई. शिपायाची जखम घेऊन जायला रोममध्ये हीच जागा होती.

तिथून हाकलल्यावर कामिल्लो पुन्हा लढाईवर गेला. सायप्रसवरून व्हेनिस आणि ऑटोमन तुर्क यांचं युद्ध पेटलेलं होतं. डाल्मेशियाचा किनारा आणि कोर्फू बेट इथे त्याने व्हेनिसची चाकरी केली. १५७३ च्या मार्चमध्ये व्हेनिसने तुर्कांशी परस्पर तह केला, तेव्हा तो स्पेनच्या फौजेकडे वळला. त्याच वर्षी स्पेनने ट्युनिस घेतलं आणि पुढच्याच वर्षी तुर्कांनी ते परत जिंकलं. १५७४ च्या ऑक्टोबरअखेरीस वल्ह्यांच्या गलबतातून परतताना वादळाने त्यांना तीन दिवस समुद्रात घुसळलं. जिवंत राहिलो तर संन्यासी होईन, असा नवस त्याने तिथे केला. असाच एक नवस त्याने काही वर्षांपूर्वी वडील गेल्यावरही केला होता आणि लाकिला इथल्या आपल्या फ्रान्सिस्कन मामाकडे जाऊन मठात घ्या म्हणून हट्ट धरला होता. मामाने भाच्याला पुरतं ओळखलं होतं. त्याने नकार दिला.

गलबत नेपल्सला लागलं आणि नवस विसरला गेला. फौज मोडली होती, पगार हातात आला होता. काही दिवसांतच पैसे, तलवार, बंदूक, बारुदाची शिंगं आणि अंगरखा हे सगळं फाशांवर गेलं. नेपल्सच्या भर रस्त्यात त्याने अंगातला सदराही पणाला लावला आणि तोही हरला.

असे बेकार शिपाई तेव्हा इटलीभर हिंडत होते. पेन्शन नाही, घर नाही, लढाईखेरीज दुसरी कला नाही. कोणी दरोडेखोर झाले, कोणी भिकारी. कामिल्लो आणि त्याचा एक सोबती भीक मागत आद्रियातिक किनाऱ्यावरच्या मान्फ्रेदोनियाला पोचले. ३० नोव्हेंबर १५७४, संत अँड्र्यूचा सण. चर्चच्या दाराशी कामिल्लो टोपी पसरून उभा होता. एवढ्या धिप्पाड जवानाने भीक मागावी याचं एका सभ्य गृहस्थाला नवल वाटलं. कापुचिन साधूंच्या मठाचं बांधकाम चालू होतं, तिथे त्याने काम देऊ केलं. सोबत्याने त्याला तिथून ओढून नेलं, म्हणाला, आपण शिपाई, गाढवं हाकायची का? कामिल्लो थोडं अंतर गेला आणि मग काय वाटलं कोण जाणे, मागे फिरला. तो पुढचे काही महिने गाढवावरून दगड, चुना आणि पाणी वाहत राहिला. गावातली पोरं त्याची टर उडवत. त्याला वाटलं होतं, हिवाळा काढावा, चार पैसे साठवावे आणि परत फौज गाठावी.

१ फेब्रुवारी १५७५ ला मठाने त्याला सान जोव्हान्नी रोतोन्दो या गावी काही सामान देऊन पाठवलं. तिथल्या मठाधिपतीने रात्री त्याला द्राक्षाच्या मांडवाखाली बसवून समजावलं. दुसऱ्या दिवशी परतताना, एका निर्जन खोऱ्यात तो गाढवावरून खाली उतरला आणि दगडावर गुडघे टेकून रडला. कामिल्लोच्या अनुयायांमध्ये २ फेब्रुवारी हा त्याच्या परिवर्तनाचा दिवस मानतात. मला मात्र ही गोष्ट एका दिवसाची वाटत नाही. मागे दोन नवस मोडलेल्या माणसाचा हा तिसरा निश्चय होता. तो टिकला, कारण या वेळी परत जायला फौज उरली नव्हती आणि पुढे पायाने त्याला दुसरीकडे कुठे जाऊच दिलं नाही.

कापुचिनांनी त्याला उमेदवार म्हणून घेतलं. पण त्यांचा जाडाभरडा झगा चालताना जखमेवर घासे. ती पुन्हा वाहू लागली. पाय बरा कर आणि मग ये, असं सांगून त्याला परत पाठवलं. बरा करायचा तर रोम, आणि रोममध्ये सान जाकोमो. १५७५ च्या ऑक्टोबरात तो पुन्हा त्याच दारात उभा राहिला. या खेपेला चार वर्षं राहिला, पत्त्याला शिवला नाही. जखम बंद झाली, तो पुन्हा कापुचिनांकडे गेला. जखम उघडली. आता मात्र मठाने कायमचा नकार दिला. १५७९ मध्ये तो तिसऱ्यांदा सान जाकोमोत आला. तेव्हा त्याचा कामसूपणा पाहून व्यवस्थापकांनी त्याला इस्पितळाचा कारभारीच नेमलं. कोठार, स्वयंपाकघर, हिशेब, नोकरांच्या नेमणुका, सगळं त्याच्याकडे आलं.

रोमच्या इस्पितळांना तेव्हा पैशांची वानवा नव्हती. पोप आणि कार्डिनल देणग्या देत, सरदार मृत्युपत्रात जमिनी ठेवत. इमारती तर आजही पाहाव्यात अशा आहेत. सांतो स्पिरितो इस्पितळाचं पोप सिक्स्टस चौथे यांनी बांधलेलं दालन जवळपास १२० मीटर लांब आहे आणि त्याच्या भिंती वरून चित्रांनी मढवलेल्या आहेत. वैद्य होते, शस्त्रवैद्य होते, औषधशाळा होत्या. सणासुदीला घरंदाज पुरुष आणि बायका येऊन रोग्यांना घास भरवून पुण्य जोडत. प्रश्न होता तो उरलेल्या वेळेचा. रात्री पाणी कोण देणार? ओली चादर कोण बदलणार? हे काम मजुरीवर ठेवलेल्या नोकरांचं होतं, आणि हे काम घ्यायला दुसरं काही न मिळणारी माणसंच येत. काही तर शिक्षा म्हणून तिथे धाडलेले असत. संसर्गाची भीती, अपुरी मजुरी, वर अंगावर खेकसणारे अधिकारी. परिणाम व्हायचा तोच होई. रोगी उपाशी राहत, अंथरुणातून पडत, पाण्यासाठी ओरडून थकत. पुरता जीव गेलेला नसताना माणसाला उचलून प्रेतांच्या खोलीत टाकल्याचे प्रसंगही चिकातेल्ली नोंदवतो.

कामिल्लोला हे कुणी सांगायची गरज नव्हती. तो त्या खाटेवर पडला होता, आणि १५७१ मध्ये तशाच नोकरांपैकी एक होता. कामचुकारपणाच्या सगळ्या वाटा त्याने स्वतः तुडवलेल्या होत्या. कारभारी झाल्यावर तो अवेळी वॉर्डात येई, रात्रीच्या पाळीवरचे नोकर कुठल्या कोपऱ्यात झोपतात हे त्याला बरोबर ठाऊक असे. त्याने ताकीद दिली, दंड केले, काढून टाकलं. नवे आले, तेही तसेच निघाले.

१५८२ चा ऑगस्ट महिना, रोममधला उकाडा. एका रात्री वॉर्डात जागताना त्याच्या मनात आलं, की हे काम पैशासाठी नव्हे तर ईश्वरासाठी करणारी माणसं जमवावीत. त्याने स्वतः उमेदीची वर्षं ज्याचा पगार त्याच्यासाठी लढण्यात घातली होती. पगारी माणूस कुठवर उभा राहतो आणि कुठे पळतो, याचा हिशेब त्याला चांगला माहीत होता. इस्पितळातलेच पाच जण त्याला मिळाले. त्यात कपड्यांचं कोठार सांभाळणारा बेर्नार्दिनो नोर्चिनो होता, कुर्त्सियो लोदी होता. एका खोलीत क्रूस लावून ते प्रार्थनेला जमू लागले आणि बाकीचा वेळ रोग्यांजवळ घालवू लागले.

यात कुणाला आक्षेप असायचं कारण नव्हतं, पण व्यवस्थापकांना वाटलं, हा गट उद्या इस्पितळच ताब्यात घेईल. त्यांनी ती खोली मोडायला लावली. कामिल्लोने क्रूस उचलून आपल्या खोलीत नेला. त्या रात्री क्रूसावरच्या ख्रिस्ताने आपल्याला धीर दिला, हे काम तुझं नव्हे तर माझं आहे असं सांगितलं, ही त्याची श्रद्धा होती. तो क्रूस आज रोमच्या मद्दालेना चर्चमध्ये आहे. त्याहून अवघड विरोध घरच्याच माणसाचा होता. त्याचे पापनिवेदन ऐकणारे गुरू फिलिप्पो नेरी म्हणजे त्या काळच्या रोममधले सर्वांत लाडके धर्मगुरू. त्यांनाही वाटत होतं, की या अर्धशिक्षित शिपायाने सान जाकोमोतली नेमून दिलेली जागा सोडू नये. कामिल्लोने ऐकलं नाही, तेव्हा नेरींनी त्याचं गुरुपद सोडलं. पुढे मात्र त्यांनी आपलं मत बदललं.

धर्मगुरूची दीक्षा घेतल्याखेरीज आपल्या संघाला कुणी विचारणार नाही, हे कामिल्लोने ओळखलं. बत्तिसाव्या वर्षी तो येशूसंघीयांच्या विद्यालयात पोरांच्या बाकावर लॅटिनचं व्याकरण शिकायला बसला. वर्गातली पोरं ‘फार उशिरा आलास’ म्हणून चिडवत. दीक्षेसाठी उपजीविकेची तजवीज दाखवावी लागे, ती फेर्मो काल्व्ही या रोममधल्या एका श्रीमंत गृहस्थाने करून दिली. १५८४ मध्ये त्याला दीक्षा दिली ती थॉमस गोल्डवेल या वृद्ध बिशपनी. राणी एलिझाबेथच्या राजवटीत इंग्लंड सोडून आलेले आणि त्या पिढीतले शेवटचे उरलेले असे ते इंग्लिश कॅथलिक बिशप होते.

सान जाकोमो सोडून कामिल्लो आणि त्याचे मोजके सोबती तिबरच्या काठी एका दमट छोट्या चर्चात राहायला गेले आणि रोज सांतो स्पिरितोत कामाला जाऊ लागले. त्या ओलीने ते स्वतःच आजारी पडले, मग जागा बदलली. १५८६ च्या अखेरीस मद्दालेना चर्चचा आसरा मिळाला तेव्हा कुठे पाठ टेकायला कोरडी जागा झाली.

हे लोक नेमकं काय करत? कामिल्लोने लिहिलेले नियम उपलब्ध आहेत आणि ते वाचताना धर्मग्रंथापेक्षा वॉर्डातल्या सूचनांची आठवण होते. अंथरूण कसं घालायचं, रोग्याला उठवून कसं बसवायचं, भरवताना घाई करायची नाही, तोंड धुऊन द्यायचं, रात्रभर कुणी ना कुणी जागं राहायचं. एकुलतं एक लेकरू आजारी पडल्यावर आई जशी जपते तशी माया आपल्याला मिळावी, अशी मागणी प्रत्येकाने ईश्वराकडे करायची. दाढीमिशावाल्या गड्यांनी आई व्हायचं, ही कल्पना त्या काळात कशी ऐकली गेली असेल! स्वतः कामिल्लो सहकाऱ्यांवर ओरडायचा, हातांत आणखी जीव ओता म्हणून टोकायचा. रोग्याशी बोलताना मात्र हा राक्षसी देहाचा माणूस गुडघ्यावर येई. तो जवळजवळ रोज रात्री वॉर्डात असे, आणि ज्यांच्या जखमांच्या दुर्गंधीने इतरांना मळमळे त्यांच्याकडे आधी जाई. आपल्या पायाला येणारा वास त्याला वर्षानुवर्षं सवयीचा होता.

१८ मार्च १५८६ ला पोप सिक्स्टस पाचवे यांनी या संघाला मान्यता दिली. त्याच वर्षी जूनमध्ये काळ्या झग्यावर छातीशी तांबड्या कापडाचा क्रूस लावायची परवानगीही मिळाली. आजच्या रेड क्रॉसचं चिन्ह इथूनच आलं, असं पुष्कळदा लिहिलं जातं. ते खरं नाही. १८६४ च्या जिनिव्हा करारातलं चिन्ह स्विस ध्वजाचे रंग उलटे करून घेतलेलं आहे. पण रणांगणावर तांबडा क्रूस लावून शुश्रूषा करणारी माणसं त्याच्या अडीचशे वर्षं आधी हिंडत होती, एवढं खरं.

संघाची खरी परीक्षा लवकरच झाली. १५८८ मध्ये कामिल्लो काही जणांना घेऊन नेपल्सला गेला. बंदरात सैनिकांनी भरलेली गलबतं आली होती आणि त्यांवर साथ होती. लागण शहरात येऊ नये म्हणून त्यांना किनाऱ्याला लागू देईनात. संघातले काही जण होड्यांतून त्या गलबतांवर चढले. त्यातले काही परतले नाहीत. पाच-सात वर्षांपूर्वी वॉर्डातल्या नोकरांची भीती कामिल्लोला चीड आणत होती. आता त्याची स्वतःची माणसं ज्या आजारात मरत होती, त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तो फक्त दुसरी माणसं पाठवू शकत होता.

मग १५९० आणि १५९१ ची भयाण वर्षं. इटलीत पिकं बुडाली, खेड्यांतून माणसं रोमकडे लोटली आणि उपासमारीपाठोपाठ ताप आला. दीड वर्षात चार पोप झाले, त्यातले एक तर निवडून आल्यावर तेरा दिवसांत वारले. शहराला कुणी वाली नव्हता. लोक गुरांच्या गोठ्यांत, पडक्या भिंतींच्या आडोशाला मरत होते. मांतुआच्या राजघराण्याशी नातं असलेला तरुण येशूसंघीय लुइजी गोन्झागा रोग्यांना खांद्यावरून वाहताना लागण होऊन २१ जून १५९१ ला गेला, तो याच साथीत. कामिल्लोचे लोक ओसाड जागा धुंडाळत, सापडेल त्याला उचलून आणत. त्यांच्यातलेही कित्येक मेले. या धुमश्चक्रीत २१ सप्टेंबर १५९१ ला पोप ग्रेगरी चौदावे यांनी संघाला पूर्ण धर्मसंघाचा दर्जा दिला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या नेहमीच्या तीन व्रतांना कामिल्लोने चौथं जोडलं. प्राणांवर बेतलं तरी, साथीच्या रोग्याचीही, सेवा सोडणार नाही. त्या वर्षी हे व्रत घेणाऱ्यांना त्याचा अर्थ कुणी समजावून द्यावा लागला नाही.

फौजेशी त्याचा संबंध आणखी एकदा आला. हंगेरीत पवित्र रोमन सम्राट आणि तुर्क यांचं लांबलेलं युद्ध चालू होतं. १५९५ मध्ये पोप क्लेमेंट आठवे यांनी तिकडे सैन्य धाडलं, त्याबरोबर कामिल्लोने आपली आठ माणसं दिली. एस्तेरगोमच्या वेढ्यात तुर्कांच्या गोळ्यांपेक्षा तळावरचा ताप जास्त जीव घेत होता. जखमींना उचलणं, पाणी देणं, तंबूत नेणं यासाठीच नेमलेली तुकडी सैन्याबरोबर असावी, ही कल्पना शिपायालाच सुचावी अशी होती. लढाईनंतर रणात पडून राहिलेल्या शिपायाचं काय होतं हे त्याने पाहिलेलं होतं. १६०१ मध्ये कानिझाच्या वेढ्यालाही त्याचे लोक गेले. ती मोहीम फसली, सेनापती आल्दोब्रान्दिनी आजाराने मेला आणि सैन्य बर्फातून मागे फिरलं. संघात आजही सांगतात, की तिथे त्यांच्या सामानाचा तंबू जळून खाक झाला आणि झग्यावरचा तांबडा क्रूस तेवढा शाबूत राहिला.

१५९८ च्या नाताळात तिबरला पूर आला. रोमच्या इतिहासात नोंदलेला तो सर्वांत मोठा. प्राचीन एमिलियन पुलाचा अर्धा भाग त्यात वाहून गेला, त्याचा एक तुटका अवशेष अजून उभा आहे. सांतो स्पिरितो तर नदीला लागूनच. पाणी आवाराकडे सरकताना पाहून कामिल्लोने सगळ्यांना वरच्या मजल्यावर हलवायला सांगितलं. एवढं पाणी चढणार नाही, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं. त्याने वाद घातला नाही, रोग्यांना पाठीवर घ्यायला सुरुवात केली. रात्रभर त्याने आणि सोबत्यांनी दालन रिकामं केलं. शेवटचे रोगी हलले आणि पाणी खाटांवर चढलं. दीडशे वर्षांनी फ्रेंच चित्रकार पियेर सुब्लेरास याने हा प्रसंग रंगवला. चित्रात कामिल्लो गुडघाभर पाण्यात एका रोग्याला उचलून धरतो आहे आणि मागे लोक गाद्या, भांडी, अंथरुणं सावरत आहेत.

एवढं वाचून वाटेल, की संघात सगळेच एकदिलाने राबत होते. तसं नव्हतं. सर्वांत कडू भांडण आतलंच होतं. दीक्षित धर्मगुरूंचं म्हणणं, आपलं काम मरणाऱ्याला धीर देण्याचं, संस्कार देण्याचं. मळ काढायला नोकर आहेत. कामिल्लोला हे मान्य नव्हतं. भुकेल्या, ओल्या अंथरुणात पडलेल्या माणसाला उपदेश करून काय उपयोग, असा त्याचा सवाल होता. १५९४ मध्ये मिलानच्या मोठ्या इस्पितळाने संघाकडे सगळीच जबाबदारी देऊ केली. दिवसरात्र, वॉर्डातच राहून, झाडलोटीपासून औषधापर्यंत. सल्लागारांना न विचारता कामिल्लोने ती घेऊन टाकली. संघ दुभंगायच्या बेताला आला. आम्हाला इस्पितळाचे नोकर करून टाकलं, असा आरोप झाला. आणि आरोप करणारे सगळेच आळशी नव्हते. वॉर्डात राहणारी पोरं पंचविशीत मरत होती, अभ्यासाला वेळ नव्हता, कर्ज वाढत होतं. कामिल्लो शिपायासारखा एकदा ठरलं की पुढे जाणारा. हिशेब मागून बघू, ही त्याची रीत. शेवटी १६०० च्या डिसेंबरात पोप क्लेमेंट आठवे यांनी तोडगा काढला. शरीराची आणि आत्म्याची, दोन्ही सेवा संघाने करायच्या, पण इस्पितळाची सगळी नोकरी आपल्या शिरावर घ्यायची नाही. कामिल्लोला तो मनापासून पटला नाही, तरी त्याने स्वीकारला. माझ्या मते त्याच्या विरोधकांचं गणित बरोबर होतं आणि त्याची निकड खरी होती, म्हणून तर हे भांडण इतकी वर्षं मिटत नव्हतं.

या प्रश्नाचं दुसरं उत्तर त्याच काळात गोव्यात दिसतं. तिथलं पोर्तुगीज राजाचं इस्पितळ येशूसंघीय चालवत होते. १६०८ मध्ये आजारी अवस्थेत तिथे भरती झालेला पिरार द लाव्हाल हा फ्रेंच खलाशी त्याच्या स्वच्छतेची, जेवणाची आणि शिस्तीची तोंडभर स्तुती करतो, जगात असं इस्पितळ नसेल इथवर जातो. पण तिथे राजाचा पैसा होता आणि दारं युरोपी शिपायांपुरती उघडी होती. कामिल्लो ज्यांना गोठ्यांतून उचलून आणत होता, त्यांना गोव्यातल्या त्या इस्पितळात जागा मिळाली नसती.

१६०७ च्या ऑक्टोबरात कामिल्लोने संघाचं प्रमुखपद सोडलं. कर्जाचा डोंगर, वाद, आणि शरीराने पुकारलेलं बंड. आपल्या पाच दुखण्यांना तो ईश्वराच्या कृपा म्हणे. पायाची जखम, अंतर्गळ, तळपायाच्या कुरूपांमुळे पाऊल टेकताना होणारी कळ, मुतखडा, आणि शेवटी अन्नच नकोसं होणं. रोम, नेपल्स, मिलान, जेनोआ, फ्लोरेन्स, बोलोन्या, मेस्सिना, पालेर्मो इथे त्याचे मठ झाले होते, आणि त्यांच्यामध्ये तो खेचरावरून हिंडत असे. पद सोडल्यावर तो पुन्हा साधा परिचारक झाला. सांतो स्पिरितोतल्या खाटांच्या रांगेतून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेपर्यंत हात टेकत जाई. १४ जुलै १६१४ ला मद्दालेनात त्याने देह ठेवला. मरणाऱ्यांबाबत त्याने एक नियम घालून दिला होता. श्वास थांबल्यासारखा वाटला तरी तोंड लगेच झाकायचं नाही, पाव तास प्रार्थना चालू ठेवायची. प्रेतांच्या खोलीत जिवंत माणसं टाकलेली त्याने पाहिली होती, त्याचा हा इलाज.

त्याच्या मागे संघ टिकला, आणि चौथं व्रतही. १६३० च्या उत्तर इटलीतल्या प्लेगमध्ये आणि १६५६ च्या नेपल्स, रोम, जेनोआच्या प्लेगमध्ये संघातली माणसं एवढी गेली, की कित्येक मठ ओस पडले. यातच त्या योजनेची मर्यादा होती. व्रतावर चालणारी सेवा नवी माणसं येतात तोवरच चालते, आणि साथ नेमकी तीच माणसं नेते. इटलीतल्या बहुतेक वॉर्डांत पगारी नोकरच राहिले आणि त्यांची अवस्था पुढची दोनशे वर्षं फारशी बदलली नाही. वाईट नोकराचं कारण कामिल्लोने पगारात शोधलं. तो पगार फारच थोडा होता आणि काम कुणी शिकवलेलं नव्हतं, ही बाजू त्याच्या नजरेतून सुटली. ती पकडली फ्लोरेन्स नाइटिंगेलने, क्रिमियाच्या युद्धानंतर. प्रशिक्षण, ठरलेलं वेतन, नोंदी, वरिष्ठ-कनिष्ठांची साखळी. तिच्याही विचाराला सैनिकी इस्पितळातल्या मृत्यूंनीच चालना दिली होती. आज पगारासाठी संपावर जाणाऱ्या परिचारिकेला सेवाभावाचा उपदेश करणाऱ्यांनी कामिल्लोचा दाखला देऊ नये. त्याने आपल्या माणसांकडून जे मागितलं ते स्वतः आधी दिलं होतं, आणि त्या बदल्यात त्यांच्या अन्नवस्त्राची जबाबदारी घेऊन कर्जात बुडाला होता.

१७४६ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी कामिल्लोला संत घोषित केलं. १८८६ मध्ये त्याला जॉन ऑफ गॉडच्या जोडीने रुग्णांचा आणि इस्पितळांचा पालक संत ठरवलं आणि १९३० मध्ये या दोघांनाच परिचारक-परिचारिकांचं पालकत्व दिलं. पुरुषांनी पुरुषांची शुश्रूषा करावी म्हणून उभ्या राहिलेल्या संघाच्या संस्थापकाला हा मान मिळाला, तोवर जगातल्या बहुतेक वॉर्डांमध्ये ते काम बायकांच्या हाती गेलं होतं. सान जाकोमो इस्पितळ मात्र विसाव्या शतकातही चालू राहिलं. २००८ साली प्रादेशिक सरकारने ते बंद केलं, तेव्हा शहरातल्या लोकांनी रस्त्यावर उतरून विरोध केला.